तेलाचा ताप

बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे जाणारे ट्रक रोज पाहतो आपण. काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा इथल्या गोदामांचा माल दिवसरात्र त्यांच्यावरून फिरतो. यातले बहुतेक टर्बो डिझेल आहेत, आणि त्यांच्या इंजिनाला ऑइल कूलर कारखान्यातूनच लागून येतो. कमिन्सचं बी-सिरीज इंजिन घ्या. १९९३ च्या टाटा-कमिन्स भागीदारीनंतर टाटांच्या अवजड गाड्यांत ते सर्रास आलं. त्या आधीपासून, म्हणजे १९६२ पासून, पुण्यात किर्लोस्कर कमिन्सने डिझेल इंजिनांचा मोठा संसार मांडलेला होताच. या बी-सिरीजमध्ये कूलर बाहेर दिसतच नाही. ऑइल फिल्टरच्या मागे, ब्लॉकच्या बाजूला पाण्याच्या वाटेत धातूच्या चपट्या पट्ट्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो. त्याच्या आतून तेल फिरतं, बाहेरून कूलंट. वीस टन माल घेऊन कसारा घाट चढणाऱ्या ट्रकवाल्याला तो कूलर आपल्या गाडीत आहे हेही अनेकदा ठाऊक नसतं.

याच नाक्यावरून एखादी ऑक्टेव्हिया व्हीआरएस जाते. २०१७ साली भारतात आलेली, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० अश्वशक्ती. मालकाने ती रीमॅप करून घेतलेली असते आणि शक्ती तीनशेच्या घरात गेलेली असते. मग गॅरेजमध्ये पुढचा सल्ला ठरलेला असतो : ‘साहेब, घोडे वाढवले, आता कूलर पण टाका. टाकताय तर मोठाच टाका.’ पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. दुसऱ्यात जवळपास नाही. का नाही, हे समजायला तेल गरम कशाने होतं तिथून सुरुवात करावी लागेल.

टर्बो इंजिनातलं तेल फक्त वंगण नसतं. जिथे पाणी पोचत नाही तिथली उष्णता वाहून नेण्याचं काम त्याच्याकडे असतं. पिस्टनच्या पोटावर खालून बारीक नोझलमधून तेलाची धार मारली जाते. पिस्टनचा माथा वितळत नाही त्यात या धारेचा वाटा मोठा आहे. क्रँकच्या बेअरिंगमध्ये तेलाचा पातळ थर घुसळला जातो आणि घर्षणाने तापतो. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेतो, तोही तेलाच्या थरावर तरंगत. त्याच दांड्याच्या एका टोकाला ९०० अंशांच्या पुढचा एक्झॉस्ट वायू आदळत असतो. (या प्रकरणातले सगळे अंश सेल्सिअसमधले.) या सगळ्यांची उष्णता उचलून तेल खाली इंजिनाच्या तळाच्या टाकीत, म्हणजे चेंबरमध्ये येतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. ढोबळ हिशेबाने, जोरात चाललेल्या टर्बो पेट्रोल इंजिनात मिळणाऱ्या शक्तीच्या पाच ते दहा टक्क्यांएवढी उष्णता तेलात उतरते.

तापमानाला वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे. खालच्या मर्यादेबद्दल गॅरेजमध्ये कोणी बोलत नाही. चेंबरमधलं तेल ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असेल तर उत्तम. १२० पर्यंत काळजी नाही. १३० च्या वर सतत राहू लागलं तर दोन गोष्टी घडतात. एक, तेल फार पातळ होतं. ५डब्ल्यू-४० जातीचं तेल ४० अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण एक-षष्ठांश १०० अंशांना उरतं. १३० ला त्याच्याही निम्म्यावर येतं. बेअरिंगमधला थर तेवढाच पातळ होतो आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली सरकतो. दुसरी गोष्ट, तेल जळू लागतं. ज्वाळेने नव्हे, हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन. दर दहा अंशांमागे हा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ठोकताळा आहे. दहा हजार किलोमीटरसाठी भरलेलं तेल मग त्याच्या निम्म्यातही काळंकुट्ट आणि आंबट होऊन बसतं.

खालच्या बाजूला काय होतं? बाळकुमहून ठाणे स्टेशनपर्यंतचं अंतर पाच-सहा किलोमीटर. माजिवडा, कॅसल मिल, सिग्नल, रिक्षा. कूलंटचा काटा मधोमध येईपर्यंत प्रवास निम्मा झालेला असतो, आणि तेलाला गरम व्हायला पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात ते थंड असताना थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. ज्वलनातली वाफही पाणी होऊन तेलात मिसळते. ही दोन्ही उडून जायला तेल नीट तापून तिथे काही वेळ राहावं लागतं. ते तापलंच नाही तर तेल भरायच्या टोपणाखाली पांढरट, मलईसारखा थर धरतो. अशा गाडीला थर्मोस्टॅटशिवाय मोठा एअर कूलर (पाण्याऐवजी वाऱ्याने तेल थंड करणारा) लावणं म्हणजे आधीच अर्धवट तापणाऱ्या तेलाला आणखी थंड ठेवणं. इंजिन त्याने वाचत नाही, हळूहळू झिजतं.

‘पण ट्रॅफिकमध्ये गाडी तापते ना!’ हा पुढचा मुद्दा. घोडबंदर रोडला गायमुख घाटाखाली ट्रकांच्या रांगेत तासभर अडकलं की पाण्याचा काटा वर जातो, रेडिएटरचा पंखा ओरडू लागतो, हे खरं. तिथे रेडिएटरला वारा मिळत नाही आणि एसीचा कंडेन्सर त्याच्या तोंडावर गरम हवा सोडत असतो. तेलाचा प्रश्न वेगळा. रेंगाळणारं इंजिन जेमतेम काही अश्वशक्ती काढत असतं, तेव्हा तेलात नवी उष्णता फारशी येतच नाही. तेल पाण्याच्या मागोमाग शंभराच्या आसपास जाऊन थांबतं. शिवाय बाहेर बसवलेल्या एअर कूलरलाही तिथे वारा कुठून मिळणार? ट्रॅफिकच्या तापावर उपाय म्हणून ऑइल कूलर घेणाऱ्याने आधी रेडिएटर धुऊन घ्यावा, कूलंट किती जुना आहे ते पाहावं आणि पंखा दोन्ही वेगांवर चालतो का ते तपासावं. बऱ्याचदा काम तिथेच भागतं.

राहिला घाट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत गाडी साधारण ५०० मीटर उंची चढते. चार माणसं आणि सामान धरून आपल्या गाडीचं वजन १,७०० किलो समजू. एवढं वजन ५०० मीटर वर उचलायला सुमारे ८३ लाख ज्यूल ऊर्जा लागते. हे काम दहा मिनिटांत झालं, तर सरासरी १४ किलोवॅट. हवेचा विरोध, टायरचं घर्षण आणि गिअरबॉक्सचा तोटा धरून २० किलोवॅट म्हणू, म्हणजे पंचवीस-तीस अश्वशक्ती. ज्या इंजिनाकडे तीनशे आहेत त्याच्यासाठी हा दहावा हिस्सा. तेलात उतरणारी उष्णता अशा वेळी एक-दोन किलोवॅट, न्हाणीघरातल्या एका गीझरएवढी. ट्रकसारखाच याही गाडीत कारखान्यातून आलेला पाण्यावरचा कूलर असतो, तो ती सहज पचवतो. वर, सपाटीवर कायद्याने ठरलेल्या ताशी १०० किलोमीटरने सलग धावलं तरी शक्तीचा आकडा याच पट्ट्यात राहतो. म्हणून सांगतो, ठाण्यात राहून, कायद्यात बसून गाडी चालवणाऱ्याच्या तेलाला रीमॅपने फारसा ताप होत नाही. वाढवलेले घोडे बहुतेक वेळ तबेल्यातच उभे असतात.

ते सलग बाहेर येतात शर्यतीच्या ट्रॅकवर. त्यातही फरक आहे. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस होतात. आपल्याकडच्या बऱ्याच शौकिनांची पहिली परीक्षा तिथेच होते. पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, तेरा-चौदा सेकंद. एवढ्या वेळात चेंबरमधल्या साडेपाच लिटर तेलाचं आणि त्याभोवतीच्या धातूचं तापमान फार चढू शकत नाही. पुढच्या फेरीपर्यंत गाडी रांगेत उभी राहते. ड्रॅगवाल्याला तेलाच्या कूलरपेक्षा इंटरकूलरवर पैसे खर्च करण्यात शहाणपण आहे. कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं पाय दाबून फिरणाऱ्याचं गणित निराळं. तिथे सरासरी शे-सव्वाशे किलोवॅट निघतात. तेलात दहा किलोवॅट सतत ओतले जातात, कधी जास्त. पाण्यावरचा कूलर ही उष्णता कूलंटला देतो, कूलंट आधीच शंभरीच्या घरात असतो, आणि मग दोन्ही काटे हातात हात घालून वर जातात. एअर कूलर लागतो तो इथे.

तेव्हा पहिली खरेदी कूलरची नाही, मोजमापाची. तेलाच्या तापमानाचा सेन्सर बसवा. चेंबरच्या नटात बसवलात तर चेंबरमधलं, म्हणजे कामावरून परतलेलं तेल मोजलं जातं. फिल्टरच्या प्लेटमध्ये बसवलात तर तेल कूलरला जाण्याआधीचं की नंतरचं, हे लिहून ठेवा. नाही तर दोन मित्रांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर दिसणारं तेलाचं तापमान मोजलेलं नसून संगणकाने अंदाजाने काढलेलं असतं, त्यावर विसंबू नका. मे महिन्यातल्या दुपारी नेहमीच्या रस्त्यावर आणि एकदा ट्रॅकवर आकडा बघा. रस्त्यावर ११० च्या आत आणि ट्रॅकवर १२० च्या आत असेल, तर चांगल्या प्रतीचं, कंपनीने मान्य केलेल्या दर्जाचं तेल घाला, थोडं लवकर बदला आणि हा विषय बंद करा. ट्रॅकवर १३० ओलांडत असेल तर पुढचं वाचा.

एअर कूलर दोन घाटांचे मिळतात. एकात एकच लांब नळी नागमोडी वळवून तिच्यावर पत्र्याच्या पाकळ्या चढवलेल्या असतात. स्वस्त, साधा, पण तेलाला लांबचा प्रवास करावा लागतो म्हणून दाब जास्त घटतो. बाईकवर किंवा गिअरबॉक्सच्या तेलाला ठीक. २००७ साली आलेल्या पल्सर २२० च्या पुढच्या बाजूला दिसणारा छोटा कूलर आपल्याकडच्या एका पिढीने पाहिलेला पहिला ऑइल कूलर असावा. बाईकला तो शोभतो, कारण तिथे तेलच थोडं आणि इंजिनाला पाण्याचा आधार नाही. मोटारीसाठी घ्यायचा तो दुसरा, चपट्या प्लेटा एकावर एक रचून ब्रेझ केलेला. यातल्या थरांना गॅरेजमध्ये ‘रो’ म्हणतात. १० रो, १३ रो, १९ रो, २५ रो अशा मापांत तो येतो. तेल एकाच वेळी सगळ्या थरांतून समांतर वाहतं, म्हणून थर वाढले की दाबाची घट कमी होते आणि वाऱ्याला मिळणारं क्षेत्रफळ वाढतं.

मग मोठाच का घेऊ नये? दोन कारणं. जागा मिळत नाही, आणि वारा न मिळणारे २५ रो हे वारा मिळणाऱ्या १३ रोपुढे हरतात. मापाचा हिशेब पाहा. कूलरमधून मिनिटाला ३० लिटर तेल जात असेल, तर तापलेल्या तेलाची घनता आणि उष्माधारण क्षमता धरून प्रत्येक अंशाच्या घटीमागे सुमारे ०.९ किलोवॅट बाहेर पडतात. कूलरने तेल १५ अंशांनी उतरवलं तर १३ किलोवॅट गेले. तीनशे अश्वशक्तीच्या गाडीला ट्रॅकवर साधारण एवढंच हवं असतं, कारण कारखान्याचा पाण्यावरचा कूलरही जोडीला असतोच. तो काढू नका. थंड तेलाला लवकर गरम करण्याचं कामही तोच करतो. अशा गाडीला १६ किंवा १९ रो पुरतात.

इथे आपल्या हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकात उष्णतेचे आकडे असतात, ते कोणत्या हवेसाठी आहेत ते आधी शोधा. कूलर किती उष्णता टाकतो हे तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. १५ अंशांच्या हवेत ११० अंशांचं तेल म्हणजे फरक ९५. ठाण्यात मे महिन्यात डांबरावरची हवा ३८ धरली तर फरक ७२, म्हणजे क्षमता पाऊणच राहिली. कूलर कंडेन्सरच्या मागे टाकलात आणि त्याला ५५ अंशांची हवा मिळाली, तर फरक पुन्हा ५५. कागदावरचा कूलर जवळपास निम्मा झाला. म्हणून माप एक पायरी वर घेण्यापेक्षा जागा नीट निवडणं जास्त फायद्याचं.

जागा कुठली? सगळ्यांच्या पुढे, रेडिएटरच्या तोंडावर कूलर टांगायची आपल्याकडे फार हौस. वारा मिळतो, पण ती गरम झालेली हवा मागच्या इंटरकूलरच्या, कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या वाट्याला येते. तेल दहा अंशांनी उतरवून इनटेकची हवा तापवली तर ज्या शक्तीसाठी हा खटाटोप केला तीच कमी होते. बंपरच्या एका कोपऱ्यात, फॉगलॅम्पच्या मागे, चाकाच्या घरात जाणारी वाट मिळाली तर ती उत्तम. तोंडाला बंदिस्त डक्ट करा. फटी राहिल्या तर हवा कूलरमधून जायच्या ऐवजी फटीतून जाईल. डक्टचं तोंड कूलरच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढं पुरतं, पुढे ते हळूहळू रुंद होत गेलं पाहिजे. आणि हवा बाहेर कुठून पडणार हे आत येण्याइतकंच पाहायचं. मागची बाजू बंद असेल तर पुढचं तोंड कितीही मोठं करा, काही उपयोग नाही.

बाळकुमकरांनी आणखी एक बघायचं. बंपरच्या खालच्या ओठात बसवलेला कूलर स्पीडब्रेकरला आणि पावसाळ्यातल्या खड्ड्याला आधी भेटतो. भिवंडीकडच्या रस्त्यावर डंपरच्या चाकाखालून उडणारी खडी आणि चिखल पाकळ्यांत जाऊन बसतो. पुढे बारीक पोलादी जाळी लावा. थोडा वारा अडेल, चालतो.

पाइप आणि जोड यांत पैसे वाचवू नयेत. एएन-१० मापाचा, साधारण १६ मिलिमीटरचा होज या शक्तीला योग्य. अरुंद होज, काटकोनी कोपरे, लांबच लांब वळसे, या सगळ्याने दाब घटतो, आणि तो शेवटी टर्बोच्या बेअरिंगच्या वाट्याला कमी येतो. तेल काढून घ्यायला फिल्टरच्या बुडाशी सँडविच प्लेट बसते. ती थर्मोस्टॅटवालीच घ्या, ८०-८५ अंशांना उघडणारी. चांगला थर्मोस्टॅट बंद असतानाही थोडं तेल कूलरमधून झिरपू देतो, म्हणजे उघडल्यावर थंड तेलाचा लोंढा इंजिनात येत नाही. कूलर घेतला आणि थर्मोस्टॅटचे पैसे वाचवले, अशा गाड्या बऱ्याच दिसतात. माझ्या मते या सगळ्या सामानातला सर्वात महत्त्वाचा भाग तोच.

आणखी एक गैरसमज. तापलेली गाडी थांबवून लगेच बंद केली तर टर्बोतलं तेल जागच्या जागी करपतं. हे खरं, पण त्यावर ऑइल कूलर हा उपाय नाही. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद, कूलर कितीही रोचा असो. मिनिटभर इंजिन रेंगाळू द्यायचं, किंवा नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणी फिरवत राहणारा विजेचा पंप असतो त्याच्यावर सोपवायचं.

खरेदीला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गेलात तर जुना कूलर हातात येईल, चकचकीत धुतलेला. घेऊ नका. ज्या इंजिनाची बेअरिंग गेली, त्याच्या तेलातला धातूचा कीस कूलरच्या थरांत अडकून बसतो. कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही, आणि तुमच्या इंजिनात पहिल्याच दिवशी मोकळा होतो. तुमचंच इंजिन जाम होऊन नवं बांधलं असेल, तर तुमचाच जुना कूलरही टाकून द्यायचा. फिल्टर तो कीस अडवेल असं वाटतं, पण बऱ्याच जोडण्यांत कूलर फिल्टरच्या पुढे की मागे हे कोणी तपासलेलं नसतं.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे लावलं. कूलर हा काही प्रमाणपत्रातला रकाना नाही. मात्र हमीत असलेल्या गाडीचा होज फुटून इंजिन गेलं तर कंपनी हात वर करणार हे गृहीत धरा. विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवलेला बरा.

जोडणी झाल्यावर पट्टीवरची पातळी पुन्हा बघायची. कूलर आणि होजमध्ये पाऊण ते एक लिटर तेल जातं, आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत ते पूर्ण गेलेलं नसतं. गाडी कसाऱ्यापर्यंत नेऊन आणा. माजिवडा सोडताना थांबून कूलरच्या होजला हात लावा, तो थंड लागला पाहिजे. तेल तापून थर्मोस्टॅट उघडल्यावर पुन्हा थांबा. आता हात लावू नका, पाइपावरची ऊब हवेतूनच कळेल. दोन्ही थांब्यांवर प्रत्येक जोड टॉर्चच्या उजेडात तपासा आणि खाली पांढरा कागद धरा. एक थेंबही चालणार नाही, कारण या होजमधून इंजिनाचं सगळं तेल जातं आणि तो सुटला तर चेंबर रिकामा व्हायला काही सेकंद पुरतात. होज कुठे पत्र्याच्या कडेला घासत असेल तर तिथे क्लिप लावून तो बाजूला घ्या. पाचशे किलोमीटरनंतर सगळे जोड पुन्हा एकदा कसून घ्या, आणि पहिल्या पावसानंतर जाळी काढून पाकळ्यांतला चिखल कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुवा.